परागकणांचा रोजचा आकडा आणि आपली ‘साधी सर्दी’

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर हा गवताच्या परागकणांचा हंगाम मानला जातो आणि या तीन महिन्यांत हवेतील परागकणांचा आकडा रोज जाहीर होतो. इथल्या मराठी मंडळींना मी दर वर्षी तो पाहण्याची विनंती करते आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतेच, ‘मला दमा नाही, नुसता सर्दीचा कोठा आहे, त्या आकड्याचे मी काय करू?’ हे बोलणे मला धोक्याचे वाटते. ते का, हे आज सविस्तर लिहिते आहे, कारण ज्यांना दमा नाही आणि फक्त शिंका येतात, त्यांच्याबद्दलच मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

२१ नोव्हेंबर २०१६ हा सोमवार होता. पारा ३५ अंशांच्या आसपास गेला होता, उत्तरेकडून कोरडा, गरम वारा वाहत होता आणि हवेत रायग्रास या गवताचे पराग भरपूर होते. संध्याकाळी गडगडाटी वादळ शहरावरून सरकले, आणि पुढच्या काही तासांत हजारो माणसांना एकाच वेळी धाप लागली. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या, रुग्णालयांचे तातडीचे विभाग भरून गेले आणि या एका घटनेत १० जण दगावले. नंतर झालेल्या अभ्यासात दिसले, की रुग्णालयात पोहोचलेल्यांपैकी पुष्कळांना त्याआधी दमा असल्याचे कोणत्याही डॉक्टरने सांगितलेले नव्हते. वसंतात नाक गळणे आणि डोळे चुरचुरणे, म्हणजे इथल्या भाषेत ‘हे फीवर’, एवढाच त्यांचा त्रास होता. भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियात जन्मलेल्यांचे प्रमाणही त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते.

असे का व्हावे, याचे उत्तर परागकणाच्या आकारात आहे. रायग्रासचा अख्खा कण तीसेक मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढा मोठा कण नाकातच अडकतो, म्हणून शिंका येतात, पण छाती सुटते. ओलावा लागला, की मात्र तो फुटतो आणि त्यातून स्टार्चचे शेकडो सूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण तीन मायक्रॉनहूनही लहान असून ॲलर्जी निर्माण करणारे प्रथिन ते बरोबर घेऊन फिरतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मोहन बीर सिंग आणि त्यांच्या मेलबर्नमधील सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवून दिले होते. वादळापुढे धावणारा गार हवेचा झोत ही सगळी भुकटी जमिनीलगत, माणसाच्या नाकातोंडाच्या उंचीवर आणून सोडतो, आणि जे नाकाच्या गाळणीत अडकले असते, ते थेट श्वासनलिकांच्या टोकापर्यंत उतरते. ज्याच्या घरात कधी दम्याचा पंप (इनहेलर) आलाच नाही, अशा माणसाला पहिला झटका येतो तो असा.

आपल्यापैकी बहुतेकांना पुण्यात, नाशिकमध्ये किंवा नागपुरात असताना हा त्रास नव्हता, त्यामुळे इथे आल्यावर दोन-चार वसंत सुखाचे गेले, की आपण सुटलो असे वाटते. प्रत्यक्षात आशियातून आलेल्यांमध्ये इथल्या वास्तव्याच्या वर्षांबरोबर परागांची ॲलर्जी आणि दमा वाढत जातो, हेही १९९० च्या दशकातच नोंदले गेले आहे. म्हणून ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य इथे दिलासा देणारे नाही.

आता तो आकडा येतो कुठून, हे सांगायला हवे, कारण त्यामागचे कष्ट कळले, की त्याची किंमत कळते. विद्यापीठाच्या गच्चीवर एक लहानसे यंत्र असते, ज्याचे तोंड मागच्या पात्यामुळे सतत वाऱ्याच्या दिशेला वळलेले राहते. ते मिनिटाला १० लिटर हवा ओढते, म्हणजे शांत बसलेला माणूस साधारण जेवढी हवा घेतो तेवढी. हवा १४ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद फटीतून आत येते आणि आतल्या ढोलावर गुंडाळलेल्या चिकट पट्टीवर आदळते. घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारा हा ढोल तासाला २ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एका दिवसाची हवा ४८ मिलिमीटरच्या तुकड्यावर उमटते. तो तुकडा कापून काचपट्टीवर लावतात, गुलाबी रंग देतात, आणि मग प्रशिक्षित माणूस सूक्ष्मदर्शकाखाली गवताचा एकेक कण मोजतो. गवतांचे पराग दिसायला इतके सारखे असतात, की कोणता कण कोणत्या गवताचा हे तिथे ओळखता येत नाही. पण गवताचा कण पाइनच्या किंवा सायप्रसच्या कणापासून वेगळा काढायला सरावलेली नजर लागते. घनमीटर हवेमागे २० च्या आत कण असले तर आकडा कमी, ५० च्या वर जास्त आणि १०० च्या वर अतितीव्र मानतात.

यंत्रातून मिळणारा आकडा सरलेल्या दिवसाचा असतो; त्याला वाऱ्याची दिशा, गवताची वाढ आणि पावसाचा अंदाज जोडला, की उद्याचे भाकीत तयार होते. वारा उत्तरेकडून, कुरणांवरून येणार असेल तर आकडा चढतो आणि दक्षिणेकडून, समुद्रावरून आला तर उतरतो. २०१६ च्या घटनेनंतर मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाने मोजणीची केंद्रे वाढवली आणि २०१७ च्या हंगामापासून वादळी दम्याच्या धोक्याचा तीन दिवसांचा अंदाज सुरू केला, जो ‘विक-इमर्जन्सी’ ॲपवर कोणालाही फुकट पाहता येतो. दहा माणसे गेल्यावर ही व्यवस्था उभी राहिली याचे दुःख आहेच, पण सरकारने ती स्वतःची जबाबदारी मानली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

‘शिंका आल्या की कळतेच, आकडा कशाला’ हा आक्षेपही मी नेहमी ऐकते. शिंका येतात तेव्हा उशीर झालेला असतो. नाकातला स्टेरॉइडचा फवारा हंगामाच्या आधीपासून नियमित घेतला तर उपयोगी पडतो, आणि जास्त आकड्याच्या दिवशी वादळाचा इशारा असेल तर वादळापूर्वीचा सोसाटा सुटण्याआधी घरात येऊन खिडक्या लावून घेणे, हे आगाऊ माहिती असल्याशिवाय जमत नाही. श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारा निळा पंप इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. वसंतात शिंका येणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांशी बोलून तो घरात ठेवावा.

आणि महाराष्ट्राबद्दल. भारतातील हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात. त्यांत धूलिकण आहेत, ओझोन आहे, शिसे आहे, पराग नाहीत. हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे मुळीच नाही. १९७० च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबादेत डॉ. एस. टी. टिळक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्वतःचे हवा-नमुना यंत्र तयार केले, जे आजही ‘टिळक सॅम्पलर’ म्हणून ओळखले जाते. मेलबर्नचे वेळापत्रक पुण्याला लावता येणार नाही. तिकडे पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर येते, झाडांचा बहर वेगळ्या महिन्यांत असतो, आणि त्याचे भरवशाचे कॅलेंडर वर्षानुवर्षे त्याच गच्चीवर मोजल्याशिवाय तयार होत नाही. विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र विभागांकडे सूक्ष्मदर्शक आहेत आणि शिकवणारी माणसेही आहेत. प्रत्येक मोठ्या शहरात एक यंत्र, मोजणाऱ्याचा कायम पगार आरोग्य खात्याकडून, आणि सकाळच्या हवामानाच्या बातमीत पावसाशेजारी परागांचा आकडा, एवढी माझी मागणी आहे.