केरीची प्रदक्षिणा

आयर्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि पाट्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. एवढ्या भांडवलावर मंद्याने तो देश खिशात घातला होता. "अरे, आपण गणपतीत लक्ष्मी रोडवर गाडी काढलेली माणसं," तो विमानातच म्हणाला, "तिकडे रस्त्यावर असतंय कोण? मेंढ्या!"

डब्लिन ते गॉलवे हा मोटरवेही त्याच्या बाजूने बोलला. दोनशेच्या वर किलोमीटर अडीच तासांत उरकले. पूर्व किनाऱ्यावर नाश्ता केला आणि जेवणाच्या आधी पश्चिम किनारा लागला. मागच्या सीटवर जोशी हिरमुसला. "एवढाच देश? आणि आपण गाडी आठवड्याची घेतली?"

देशाने त्याला उत्तर गॉलवेच्या पुढे दिलं.

कॉनेमारात शिरल्यावर रस्ता अंग चोरू लागला. एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला काळी दलदल आणि मधल्या डांबरावर पाठीवर निळ्या-गुलाबी रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या बसलेल्या. मंद्याचा तळहात आपोआप स्टिअरिंगच्या मध्यावर गेला. "नको!" डब्लिनवाला सुहास मागून ओरडला. "इथे हॉर्न वाजवणं म्हणजे समोरच्याच्या तीर्थरूपांचा उद्धार करणं. अगदीच जिवावर बेतलं तर वाजवायचा." तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्नला मनाईच आहे, आणीबाणी वगळता. उरलेल्या वेळात परवानगी आहे, पण तिचा लाभ कोणी घेत नाही.

आता ज्या माणसाने 'वळणावर हॉर्न वाजवा' ही पाटी वाचत वाचत ताम्हिणी आणि वरंध उतरलेत, त्याने आंधळ्या वळणावर नुसतं गप्प बसून वळायचं? मंद्याचा चेहरा बघवत नव्हता. उजवा हात हॉर्नकडे जायचा, परत यायचा, मांडीवर आपटायचा. मेंढ्या सवडीने उठल्या.

हॉर्नच्या जागी तिथे बोट असतं. समोरून गाडी आली की दोघांपैकी एक जण रस्त्याच्या फुगवट्यात थांबतो आणि दुसरा जाताना स्टिअरिंगवरून तर्जनी इंचभर उचलतो. ओळख लागत नाही. जोशीला हे फार आवडलं. तो मागच्या सीटवरून पूर्ण पंजा हलवून सगळ्यांना प्रतिसाद देऊ लागला. दुपारपर्यंत सायकलवाले, पोस्टमन आणि एका शेतातलं बुजगावणं एवढ्यांना त्याच्याकडून नमस्कार पोहोचला होता.

भाऊचा प्रश्न वेगळा होता. भाऊ मालवणचा. लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हापासून हा देश भाऊने आपल्या तालुक्यात धरलेला आहे. वराडकरांचे वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि २०१९च्या डिसेंबरात हा माणूस सहकुटुंब गावी येऊनही गेला. एवढी माहिती भाऊ पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या रांगेतसुद्धा देत असे. "आमच्या गावचो तो," असं आधी मालवणीत आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. समोरचा माणूस त्या राजकारण्याच्या बाजूचा आहे की विरोधातला, हा विचार भाऊला कधी शिवला नाही. आयरिश माणसं सभ्य. ती ऐकून घेत.

मोहेरच्या कड्यांबद्दल फार सांगत नाही. कडे समुद्रापासून २१४ मीटरपर्यंत उंच आहेत असं फलकावर वाचलं. आम्ही गेलो तेव्हा वरपासून खालपर्यंत धुकं होतं आणि पार्किंगचे पैसे मात्र स्वच्छ दिसले.

जेवणाचे हाल शाकाहारी जोशीने सोसले. तिथल्या न्याहारीत 'व्हाइट पुडिंग' असतं. पुडिंग म्हणजे शिऱ्याच्या जातीतलं काहीतरी, या समजुतीने त्याने काटा उचलला आणि सुहासने तो तोंडाजवळ अडवला. त्यात डुकराचं मांस असतं. काळ्या पुडिंगमध्ये रक्तही असतं, हे ऐकल्यावर जोशीने टोस्टचीसुद्धा चौकशी केली. तेव्हापासून दर पबमध्ये भाज्यांचं केशरी सूप आणि सोडा घातलेला तपकिरी ब्रेड. सूप चांगलं असतं. पण जूनमध्ये तिथे रात्री दहालाही ऊन असतं आणि "अंधाराच्या आत पोहोचू" या आपल्या हिशेबाने आम्ही निवांत पोहोचलो की भर उन्हात कळायचं, स्वयंपाकघर नऊलाच बंद झालं. मग बटाट्याच्या वेफर्सची पाकिटं. चहा मात्र आपल्यासारखा, कडक आणि दुधाचा. त्यावर तगलो.

शॅनन नदीचं मुख बोटीवर गाडी चढवून वीस मिनिटांत ओलांडलं आणि केरी परगण्यात आलो. डिंगलच्या अलीकडे फोनमधल्या बाईने जवळचा रस्ता सुचवला.

त्या रस्त्याच्या मधोमध गवत होतं. दोन्ही बाजूंना फ्युशियाची पुरुषभर उंच कुंपणं, त्यांची लाल लोंबती फुलं आरशांवर आपटत होती. मी डावीकडे पुढे, म्हणजे क्लिनरच्या जागी, त्यामुळे प्रत्येक फांदी आधी माझ्या डोळ्यांवर यायची आणि मग काचेवर. वळणावर पांढऱ्या गोलात काळ्या तिरक्या रेघांची पाटी होती. "ग्रामीण वेगमर्यादा," सुहास म्हणाला. "आधी ताशी ८० होती, २०२५च्या फेब्रुवारीपासून ६०." आमचा काटा १५च्या पुढे जात नव्हता. काहीतरी घासल्याचा आवाज झाला की जोशी मागून धीर द्यायचा, "घासू दे. विमा पूर्ण घेतलाय." हा विमा त्याने काउंटरवर हट्टाने घेतला होता. त्याचं दिवसाचं भाडं जवळजवळ गाडीएवढंच होतं.

तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. मागे ट्रेलर, ट्रेलरवर काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले मुरघासाचे गोल गठ्ठे. केबिनमध्ये एक म्हातारा आणि त्याच्या शेजारी कुत्रा.

कोणीतरी मागे जायला हवं होतं. लहान गाडी आमची, तेव्हा आम्ही. मी दार उघडलं, ते वीतभर उघडून कुंपणात अडकलं. त्या फटीतून पोट आत घेत, फुलं अंगावर पाडून घेत, पावसात उतरलो आणि डिकीवर थाप मारली. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे तोड... अरे, माझ्या डावीकडे! बास, बास, बास!" गाडीचं ढुंगण कुंपणात शिरलं. पुढे घेतली, पुन्हा येऊ दे, पुन्हा कुंपण. सुहास आतून वेगळे हातवारे करत होता, भाऊ "रे मेल्या, सरळ घे" म्हणत होता, आणि सरळ कुठे ते कोणालाच दिसत नव्हतं. म्हाताऱ्याने हॉर्न वाजवला नाही. इंजिनसुद्धा गुरगुरवलं नाही. आपल्याकडे एव्हाना मागे चार गाड्या, दोन सल्लागार आणि एक भांडण जमा झालं असतं. इथे फक्त कुत्रा आमच्याकडे बघत होता, आणि त्याला बरंच काही कळत असावं.

शेवटी म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरून बोट उचललं, एकदा मान वळवून मागे पाहिलं, आणि ट्रेलरसकट ट्रॅक्टर उलटा न्यायला लागला. ट्रेलर मागे घेताना चाक उलट दिशेला फिरवायचं असतं, हे सगळ्यांना कळतं. जमतं कोणाला? त्याने दोन वळणं पार करून तो लवाजमा एका शेताच्या फाटकात असा लावला की गठ्ठाही हलला नाही. आम्ही शेजारून जाताना त्याने काच खाली केली आणि धो धो पावसात म्हणाला, "छान दिवस आहे." भाऊ खिडकीतून निम्मा बाहेर आला. "वराडकर! माय व्हिलेज!" म्हाताऱ्याने विचार केला. "मग तुम्ही त्याचे कोण?" भाऊला अजून उत्तर सापडलेलं नाही.

पुढचा पेच धार्मिक निघाला. 'रिंग ऑफ केरी' हा १७९ किलोमीटरचा वळसा. पर्यटकांच्या बसगाड्या किलार्नीहून निघून तो घड्याळाच्या उलट्या दिशेने घालतात. आपणही तसेच गेलो तर दिवसभर बसच्या मागे. सुलट गेलो तर प्रत्येक बस समोरून. आदल्या दिवशी डिंगलजवळच्या स्ली हेडचा फेरा सगळ्यांसारखा सुलट घातला होता, तेव्हा जोशी खूश होता. आता तो अडून बसला. "उलटी प्रदक्षिणा मी घालणार नाही." भाऊने तोड सुचवली: शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडत नाहीत, अर्ध्यातून परत फिरतात, तसं करू. पण मंद्याला बसचा धूर खायचा नव्हता. ठरलं, सुलट.

सुलट दिशेला डावी बाजू समुद्राची. म्हणजे पुन्हा मीच. केनमेअर, स्नीम इथवर बरं चाललं. स्नीमच्या पुढे कूमाकिस्टाच्या घाटात, खाली अटलांटिक पसरलेला असताना, वळणामागून पहिली बस प्रकटली. तिच्यामागे दुसरी. मंद्याने डावीकडे घेतली. "अजून घे," सुहास म्हणाला. "अजून घेतली तर अमेरिका," मी म्हणालो. आमचा आरसा आणि बसची कड यांत तळहाताएवढी फट राहिली. त्यातून बसवाला एक बोट उचलून, दुसऱ्या हाताने प्रवाशांना काहीतरी दाखवत निघून गेला. ते बहुधा आम्हालाच दाखवत होता.

यानंतर मंद्याचा बांध फुटला. पुढच्या वळणावर तो तोंडाने म्हणाला, "पीं पीं." आम्ही चौघे दचकलो. त्याच्या पुढच्या वळणावर भाऊने साथ धरली, मग जोशीने एसटीचा भोंगा काढला, आणि काचा बंद करून, कायदा न मोडता, पाच मराठी माणसं वळणावळणाला हॉर्न देत वॉटरव्हिलला पोहोचली. तिथे चार्ली चॅप्लिन कुटुंबासह सुट्टीला यायचा, त्याचा पुतळा आहे. पुतळ्यासमोर फोटो काढताना मंद्या पहिल्यांदाच हसला.

किलॉर्गलिनला बोकडाचा पुतळा लागला. दरवर्षी १० ते १२ ऑगस्टला तिथे जत्रा भरते आणि डोंगरातून आणलेल्या रानबोकडाला राजा म्हणून मुकुट घालतात. जोशीने हात जोडले. भाऊने पुतळ्याभोवती एक चक्कर मारली आणि "साधारण किती किलो असतो?" असं विचारलं.

डब्लिन विमानतळावर गाडी परत द्यायला गेलो तेव्हा पोरगेलासा एक मुलगा हातात टॅब्लेट घेऊन गाडीभोवती फिरला. डाव्या आरशातली सुकलेली फुलं काढली, पुसून पाहिलं, वाकून पाहिलं. "केरी?" त्याने विचारलं. आम्ही माना हलवल्या. "काही नाही झालेलं. एकही ओरखडा नाही."

मंद्याने आमच्याकडे असं पाहिलं की जणू लक्ष्मी रोडवर त्याची मिरवणूक निघायची बाकी आहे. जोशीचा चेहरा मात्र पडला. तो मुलाला बाजूला घेऊन म्हणाला, "डावीकडे, खाली, पुन्हा एकदा नीट बघा ना." आणि आमच्याकडे वळून मराठीत, "रोजचे पैसे भरलेत रे!"