पोटभाडेकरू

कालच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात आमच्या खजिनदार काकांचे ‘संगणकविषयक बहुमोल मार्गदर्शनाबद्दल’ आभार मानलेत. ते इतिवृत्त मीच लिहिलंय, कारण सोसायटीचा सचिव मी. मानद. म्हणजे फुकट.

सोसायटीच्या जमाखर्चाच्या फाइलमध्ये आधीच्या खजिनदारांनी असे काही मॅक्रो, म्हणजे आपोआप धावणारे छोटे प्रोग्रॅम, घालून ठेवलेत, की ती विंडोजवरच्या ऑफिसशिवाय चालतच नाही. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी उबुंटू. म्हणून त्यात व्हर्च्युअल मशीन टाकून आत विंडोज बसवलं. फाइल उघडली की खिडकी पांढरीफटक पडायची, चकती दोन गिरक्या घ्यायची आणि सगळं गुडुप. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते, आणि काका ताळेबंद बघायला येऊन बसलेले. चहा दोनदा झालेला.

“कंप्युटरच्या आत कंप्युटर?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे पोटभाडेकरू!”

“तसंच समजा.”

“वीज कोणाची?”

“माझी.”

“जागा?”

“माझीच. ६० जीबी. शिवाय ८ जीबी रॅममधली ४.”

“अर्धी? आणि तो काय देतो?”

यावर मला काही सुचेना. खरंच काय देतो? काका मात्र रंगात आले होते. “आपण घर भाड्यानं दिलेल्यांकडून सेवाशुल्काच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी घेतो. पण तू तर इथंच राहतोस,” ते हळहळले. “नाही लावता येणार.” हाच माणूस वर्षभर मेंटेनन्स थकवणाऱ्यांसमोर “बघा, जमलं तर” म्हणतो. थकबाकीची पत्रं मग मी लिहायची आणि जिन्यात शिव्याही मीच खायच्या.

कंट्रोल दाबून ऑफिस सेफ मोडमध्ये, म्हणजे जादा जोडण्या टाळून, सुरू केलं, तर फाइल निमूट उघडली. म्हणजे ती धड होती. अ‍ॅड-इन, म्हणजे त्या जादा जोडण्या, एकेक करून काढले. पुन्हा गुडुप.

“बंद करून चालू कर,” काका म्हणाले. चौथ्यांदा.

शेवटी संशय थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनवर गेला. स्क्रीन रंगवायला ऑफिस ग्राफिक्स कार्डाची मदत मागतं, आणि आतल्या बिचाऱ्याकडे कार्ड असतं ते नुसतं नावाचं. व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये त्याची टिक सापडली, पण करडी पडलेली. दाबली जाईना. कारण मशीन चालू असताना ती हलत नाही, आणि नुसतं झोपवूनही चालत नाही. मी तर महिनाभर रोज रात्री त्याला झोपवतच होतो. पुरतं बंद असं कधी केलंच नव्हतं.

बंद केलं. टिक काढली. चालू केलं. फाइल उघडली, मॅक्रो धावले, रंगकामाच्या अनामतीसकट ताळेबंद जुळला.

“बघ,” काका म्हणाले.

“काका, ते थ्रीडीमुळे होतं. टिक काढली म्हणून…”

“हो, पण बंद कर कोण म्हणत होतं?”

सभेत त्यांनी हा किस्सा पोटभाडेकरूसकट सांगितला. टाळ्या पडल्या. आभाराचा ठराव टाळ्यांतच मंजूर झाला. बाकी ताळेबंदावर कोणी चकार शब्द काढला नाही.

आज सकाळी सात वाजता बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे जोशीबुवा, काखेत प्रिंटर.

“काकांकडे गेलो होतो,” ते म्हणाले. “त्यांनी तुमच्याकडे पाठवलं. म्हणाले, निदान मी केलंय, बंद-चालू करायला तो आहे.”