दुर्बिणीला डोळा लावायचे दिवस संपले का?

दिवाळी झाली की नागपूरचं आकाश निवळतं आणि दुर्बीण घेऊ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात. यंदा जो तो मला एकच गोष्ट ऐकवतोय, सगळीकडे तीच फिरतेय: डोळ्याने बघण्यात आता राम नाही, करड्या डागापलीकडे काही दिसत नाही, खरं आकाश कॅमेराच दाखवतो, शहरात तर डोळ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि नुसतं बघून विज्ञानाला उपयोग तो काय? माझ्याकडे कॅमेरा आहे, आठ इंची आरशाची डॉब्सोनियन ही साधी दुर्बीणही आहे आणि दोन्ही मी मनापासून वापरतो. हे ऐकून एखादा नवखा दुर्बिणीपासून दूर गेला तर मला वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

करड्या डागापासूनच सुरुवात करू. मागच्या जानेवारीत पेंचकडच्या एका शेताच्या धुऱ्यावर दुर्बीण लावली होती. सोबत शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला पोरगा. मृगातला मोठा तेजोमेघ, एम ४२, धरून दिला. त्याने डोळा लावला आणि म्हणाला, "काका, हा तर नुसता धूर दिसून राहिला." मिनिटभर आधीच त्याने फोन बघितला होता. म्हटलं, फोन खिशात टाक आणि वीस मिनिटं गप्प बस. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळ्यातल्या दंडपेशींना, म्हणजे अंधूक उजेडात बघणाऱ्या पेशींना, अंधाराला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. फोनच्या एका उजेडाने ती सगळी कमाई जाते. शिवाय डोळ्यातल्या पडद्याच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतातच, त्यामुळे अंधूक वस्तूकडे थेट न बघता जरा बाजूला बघावं लागतं. थंडीत कुडकुडत त्याने वीस मिनिटं काढली आणि पुन्हा डोळा लावला. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूहळू सुरू झाला: "मधात चार तारे आहेत, चिटकून. एका बाजूनं काळी खाच घुसली आहे. अन् दोन्हीकडे पंख पसरून राहिले." तेजोमेघ तोच होता, आरसाही तोच.

आता "खरं आकाश". त्या पोराला दिसलेले चार तारे म्हणजे ट्रॅपेझियम, त्या तेजोमेघाला उजळवणारे तरुण, तप्त तारे. पंख नीट यावेत म्हणून कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लांबवलं की हाच गाभा पांढरा जळून जातो. मग छोट्या एक्स्पोजरचे फोटो वेगळे घेऊन ते जोडावे लागतात. डोळा मात्र तारे आणि पंख एका नजरेत धरतो. रंगांचं म्हणाल तर अंधूक प्रकाशात डोळा रंग ओळखत नाही हे खरंच आहे. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही, कॅमेरा तो टिपतो. पण हबल या अवकाश दुर्बिणीच्या पद्धतीने रंगवलेल्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग वाटून दिलेला असतो. ती चित्रं खोटी नाहीत, अभ्यासाला फार मोलाची आहेत. पण "डोळ्याने दिसतं ते कमी खरं" हे त्यातून कुठे निघतं?

शहराच्या मुद्द्यात तथ्य आहे. धरमपेठेतल्या गच्चीवरून अंधूक तेजोमेघ डोळ्याने बघणं कठीण, आणि नॅरोबँड, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारा, फिल्टर लावलेला कॅमेरा तिथूनच ते टिपतो. इथे कॅमेरा सरळ जिंकतो. पण चंद्र, गुरू, शनी आणि जोडताऱ्यांना रस्त्यावरच्या दिव्यांनी फारसा फरक पडत नाही. अल्बिरिओची सोनेरी-निळी जोडी भर वस्तीतून झकास दिसते. काळोखच हवा असेल तर तोही आपल्या जवळच आहे: पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

आणि आपल्या उन्हाळ्याचा हिशोब कोणीच का करत नाही? मे महिन्यात रात्रीही पारा तिशीच्या आसपास असतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये उष्णतेमुळे उगाच वाहणारा विद्युतप्रवाह साधारण दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे स्वतःला थंड ठेवणारा कॅमेरा नसेल तर चित्रात रवाच रवा. त्याच दिवसांत, मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास, दक्षिण क्षितिजापासून दोन मुठी वर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ असतो. लंडनहून तो कधीच दिसत नाही. आठ इंचीतून बघावा तर रांगोळी सांडल्यासारखे तारे. त्याला ना कूलिंग लागतं, ना प्रोसेसिंग.

विज्ञानाचं मी थोडक्यात सांगतो, कारण इथे बराचसा वाद मला मान्य आहे. ताऱ्याच्या तेजाचा डोळ्याने केलेला अंदाज दशांश प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप) आसपास अडतो, कॅमेरा शतांशापर्यंत जातो. तरी १९११ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेकडे हौशी लोकांनी डोळ्याने केलेल्या चलताऱ्यांच्या, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या, नोंदींचा शतकभराचा साठा आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट इव्हान्स यांनी डोळ्याने बघूनच चाळीसवर अतिनवतारे, म्हणजे स्फोट पावलेले तारे, शोधले. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी (बीटलज्यूस) हा तारा मंदावला, तो तर कोणालाही नुसत्या डोळ्याने कळत होता.

राहिली खरेदी. आठ इंची आरसा पूर्ण उघडलेल्या बाहुलीच्या सुमारे ८४० पट प्रकाश गोळा करतो. ५० मिलिमीटरची स्मार्ट दुर्बीण, म्हणजे आतच कॅमेरा असलेली आणि चित्र फोनवर दाखवणारी, त्या आरशाच्या सोळाव्या हिश्शाएवढाच गोळा करते आणि उरलेली कसर वेळ घालवून भरून काढते. घरात मोतीबिंदू झालेलं, वाकता न येणारं कोणी असेल तर स्मार्ट दुर्बीण जरूर घ्या. माझ्या आईने एम ४२ पहिल्यांदा पडद्यावरच बघितला. नाहीतर पहिला हिवाळा डोळ्याला द्या, असं मी सांगेन.

त्या पोराने शेवटी कॅमेराच घेतला. एका चित्राला दोन-दोन तास लागतात. तेवढा वेळ तो धुऱ्यावर चटई टाकून बायनॉक्युलर घेऊन पडतो, आणि फोन गाडीत ठेवून येतो.