कागदी धरणाची निगा

तुमच्या शहरासाठी एखादं धरण मंजूर झालं असेल, तर हुरळून जाऊन ते बांधा म्हणून मागे लागू नका. बांधलेल्या धरणातलं पाणी हे परक्याचं धन. आमच्या नाशिकच्या गंगापूरचंच बघा. सात हजार दोनशे दलघफूचं (म्हणजे दशलक्ष घनफुटांचं) धरण, गाळ बसत बसत ५,६३० वर आलं. त्यात शेतीचं आवर्तन, एमआयडीसी, बाष्पीभवन आणि शिवाय खाली पैठणचं जायकवाडी धरण. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांच्या आत असला, की समन्यायी वाटपाचा, म्हणजे वरच्या धरणांनी खाली किती पाणी सोडायचं याचा, हिशेब निघतो आणि आपल्या धरणांचे दरवाजे उघडतात. (कायदा २००५ चा आहे आणि पैठणच्या लोकांनाही तहान लागते, हे मला मान्य आहे. पण हे वाक्य पंचवटीत मोठ्याने म्हणू नका.)

याउलट किकवी. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गंगापूरच्या वरच्या अंगाला, २००९ साली मंजूर झालेलं. त्यात गाळ बसत नाही. कागदाला लागली तर वाळवी लागेल, तेवढीच. त्यातून एक थेंब कुणी पळवलेला नाही. असं धरण नशिबाने मिळतं, तेव्हा त्याची निगा कशी राखायची हे शिकून घ्या.

पहिली गोष्ट, भाषा. ‘धरणाचं काय झालं?’ असं विचारणारा माणूस अडाणी ठरतो. ‘सुप्रमा झाली का?’ असं विचारा. सुप्रमा ही कुणाची मेहुणी नव्हे; सुधारित प्रशासकीय मान्यता. आधी नुसती प्रमा होते, मग दरसूची बदलते म्हणून सुप्रमा, आणि देवाने आयुष्य दिलं तर द्वितीय सुप्रमा. या सगळ्यात धरणाची उंची वीतभरही वाढत नाही, रक्कम तेवढी वाढते. किकवी मुळात २८३ कोटींचं. आता बोलणं हजार कोटींच्या पलीकडचं असतं. कुठल्या पतसंस्थेने असा परतावा दिलाय, सांगा. शिवाय नाशकातल्या ठेवीदाराला ज्याची धास्ती असते, ते बुडणंही इथे नाही. ना मुद्दल, ना गाव.

दुसरी गोष्ट, अहवाल जाड ठेवा. नुसतं पिण्याचं पाणी म्हटलं की लाभ-व्ययाचं गुणोत्तर जमत नाही. मग थोडं सिंचन घाला, मत्स्यव्यवसाय घाला, पर्यटन घाला, आणि पायथ्याशी एक वीजगृह काढा. वीजगृहाने नकाशाला शोभा येते. खरी वीज कशी होते हे बघायची हौस असेल तर ऊर्ध्व वैतरणा बघून या. पाऊस इगतपुरीचा, वीज साठ मेगावॅटची आणि पाणी मुंबईला. बांधून ठेवलं की असं होतं.

तिसरी गोष्ट, वनजमीन. ही मिळाली तर सोडू नका. प्रस्ताव नागपूरला जातो, त्रुटी निघतात, परत येतो, पूर्तता होते, पुन्हा जातो. एव्हाना साहेबांची बदली झालेली असते आणि नवे साहेब ‘प्रकरण समजून घेतो’ म्हणतात. त्यांना घाई करू नका. प्रकरण समजलं की माणूस सही करायला घाबरतो. घोटाळ्याच्या आरोपांनंतर निघालेल्या २०१२ च्या सिंचन श्वेतपत्रिकेपासून तर फारच.

बुडीत क्षेत्रात तुमची जमीन असेल तर तुम्हाला वेगळा सल्ला. तुमचं गाव बुडणार आहे, पण इतक्यात नाही. म्हणून विहीर खोदू नका, बुडेल. घराला स्लॅब टाकू नका, बुडेल. पोराचं लग्न ठरवताना सोयरे विचारतात, ‘तुमचं गाव जाणार ना?’ हो म्हणालात तर मुलगी कुठे नांदणार. नाही म्हणालात तर मोबदला कुठला. एका भातखाचराच्या बांधावर मी मोजणीचा दगड बघितला. चुन्याचा रंग कधीच उडालेला, कोपरा टवका उडून गेलेला. त्याला शेळी बांधली होती. म्हातारबा म्हणाले, ‘मोजायला आले तव्हा हिची पणजी होती.’ शेळी दगडाला अंग घासत होती. प्रकल्पाचा आजवरचा एवढा एकच थेट लाभार्थी माझ्या पाहण्यात आहे. बांधून टाकलं असतं तर काय झालं असतं, ते इथल्याच काश्यपी धरणाच्या लोकांना विचारा. तिथे धरण भरतं, रितं होतं, आणि प्रकल्पग्रस्त अजून नोकऱ्यांचं विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, पाऊस तर पडतो. पडतो ना! त्याचा आनंद घ्या. ऑगस्टमध्ये विसर्ग सुटला की पोराबाळांना घेऊन होळकर पुलावर जा. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे नाशिककर गुडघा, कंबर, छाती अशा मापात सांगतो. क्युसेकचा आकडा सांगणारा बाहेरचा समजावा. फोटो काढा, व्हॉट्सअॅपला टाका, नीट जपून ठेवा. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडं पडलं आणि त्यात टँकरने पाणी ओतावं लागलं, तेव्हा असे फोटो फार कामाला आले.

उन्हाळ्यात पाणीकपातीची बैठक होते. घाबरू नका. गंगापूरच्या जॅकवेलपर्यंत (पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत) तळाचा मृत साठा आणायला चर खोदायचा विषय निघतो, चर खोदायचा तर खाली खडक असतो, आणि खडक फोडायचा निर्णय होईपर्यंत रोहिणी निघतात. मग बैठकीचं इतिवृत्त मागच्याच फायलीला लावतात आणि फाईल आणखी जाड होते.

फ्लॅट घ्यायचाय? खुशाल घ्या. पाथर्डी फाट्याला माझ्या भाच्याला एजंट म्हणाला, ‘वरती नवं धरण होतंय, साहेब, पाण्याची चिंताच नाही.’ भाच्याचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं. आता त्याची मुलगी नववीत आहे आणि भूगोलाच्या तासाला धरणाचे फायदे पाठ करते. बहुउद्देशीय प्रकल्प, पाच गुण.

तोवर एवढंच करा: पहाटे मोटर लावायला कोण उठणार हे घरात आधी ठरवून घ्या. आमच्याकडे पाणी साडेचारला येतं. पाच वाजता येतं म्हणून मी निवांत होतो, तर परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सगळं ओढून घेतलं. आता गजर चार वीसचा लावलाय.