चर्चिलच्या भावाला तोफा का नव्हत्या?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, दुसऱ्यांदा वाटलं की निम्मी तरी खरी आहे. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: ब्रिटिश पाथे या वृत्तचित्र कंपनीच्या १९५६च्या एका छोट्या चित्रफितीबद्दल मी भरभरून लिहिलं होतं. पीटर कुशिंग हा नट त्यात आपले खेळण्यातले सैनिक रंगवतो आणि जमिनीवर लढाईचा डाव मांडतो. तुमचं म्हणणं असं की ती फीत बेतलेली आहे, कुशिंगला मी दिलेलं 'भयपटांचा राजा' हे बिरुद त्या वर्षाला लागू नाही, आणि युद्धाचा असा लाडिक खेळ करणाऱ्यांचं कौतुक कशाला करायचं? "खेळण्यातले सैनिक मांडत मोठा झालेला चर्चिल पुढे कसा वागला ते बंगालला विचारा," हे तुमचं शेवटचं वाक्य, रोख अर्थातच १९४३च्या दुष्काळाकडे.

बिरुदाची चूक माझीच. ज्या भयपटांनी कुशिंगचं नाव झालं ते हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचे: फ्रँकेन्स्टाइन १९५७चा, ड्रॅक्युला १९५८चा. १९५६ साली ब्रिटनमध्ये लोक कुशिंगला ओळखायचे ते टीव्हीवरचा नट म्हणून. ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीवरून बीबीसीने १९५४मध्ये जे नाटक दाखवलं, त्यातला विन्स्टन स्मिथ तोच. लेखात दुरुस्ती केली आहे.

बेतलेली फीत, हेही मान्य. थिएटरात मुख्य खेळाच्या आधी दाखवायचे हे तुकडे; दिवे लावून, कॅमेरा रोखून 'हं, आता खेळा' असं सांगूनच ते घेतले जायचे. पण छंद बेतलेला नव्हता हो. या माणसाकडे पाच हजारांहून जास्त सैनिक होते आणि त्यातले कितीतरी त्याने स्वतः रंगवले होते. बोटभर उंचीच्या शिपायाच्या कॉलरची कड रंगवायला ब्रशचे दोन केस पुरतात आणि श्वास रोखून धरावा लागतो. पाथेवाले एखाद दिवस येऊन गेले असतील, बाकीच्या रात्री त्याच्या एकट्याच्या.

आता चर्चिल. इथे तुमच्या हातात तुम्हाला वाटतं त्याहून धारदार हत्यार आहे, ते मीच देतो. 'माय अर्ली लाइफ' या आत्मचरित्रात त्याने आपल्या फौजेचं वर्णन केलंय. जवळजवळ दीडहजार सैनिक, सगळे एका मापाचे, सगळे ब्रिटिश. शत्रूची फौज धाकट्या भावाकडे, जॅककडे. पण शस्त्रमर्यादेचा तह झालेला असल्याने जॅकला फक्त काळेसावळे सैनिक ठेवायची मुभा, आणि त्यांना तोफा नाहीत! मोठेपणी हे तो मिश्कीलपणे सांगतो. मी ते वाचलं तेव्हा हसलो होतो, आता तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तितकं हसू येत नाही. खेळण्यातले सैनिक बनवणाऱ्या ब्रिटन्स कंपनीच्या पेट्यांमध्ये बॉम्बे लान्सर्सही असायचे, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही. म्हणजे आपल्याकडचे शिपाई शिशाचे होऊन लंडनच्या दुकानांत विकले जात होते. एखाद्या जॅकच्या वाट्याला ते बिनतोफांचे आलेही असतील.

पण कुशिंग खेळायचा तो हा खेळ नव्हे. त्याचे नियम कादंबरीकार एच. जी. वेल्सच्या 'लिटल वॉर्स'चे, पुस्तक १९१३चं, म्हणजे कुशिंगच्याच जन्मवर्षातलं. जेवण उरकून कॉफीची वाट बघत बसलेल्या वेल्सच्या एका मित्राने शेजारच्या टेबलावरची खेळण्यातली तोफ उचलली, नेम धरला आणि एक शिपाई पाडला, इथून त्याची सुरुवात. मित्राचं नाव वेल्स झाकतो, पण 'जे. के. जे.' ही आद्याक्षरं लिहून जातो, विनोदी लेखक जेरोम के. जेरोम ओळखायला वेळ लागत नाही. तोफेत स्प्रिंग, गोळा म्हणजे इंचभर लाकडी नळकांडं. फासे नाहीत. नेम लागला तर शिपाई पडला, नाही तर नाही.

आणि ज्याने मैदान मांडायचं, त्याने बाजू निवडायची नाही, ती दुसऱ्याने निवडायची; मांडणारा कोण, ते नाणेफेकीने. जॅकला हे कोणी सांगायला हवं होतं. हातघाईत दोन्हीकडे सारखेच सैनिक असतील तर दोन्हीकडचे सगळे मेले. तोफेच्या सहा इंचांत आपली चार माणसं नसतील तर ती उडवता येत नाही.

मी हे भाच्याबरोबर करून पाहिलंय. पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन. हॉलमधल्या टाइल्स दोन फुटी, त्यामुळे घोडेस्वाराला एक टाइल, प्याद्याला अर्धी. टेप काढायलाच लागला नाही. तोफ म्हणून बॉलपेनची स्प्रिंग आणि काडेपेटीतली काडी. प्लास्टिकचे हिरवे सैनिक कमी पडले म्हणून माळ्यावरून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे काढले. तिसऱ्याच काडीला एक मावळा फरशीवर आपटला आणि त्याचं मुंडकं सोफ्याखाली गेलं. भाच्याने डाव तिथेच थांबवला. किल्ल्यावर मावळे उभे असतात, लढत नाहीत, त्यामुळे ते कधी मरतही नाहीत. हे त्याच्याइतकंच माझ्याही पहिल्यांदा लक्षात आलं. फेव्हिकॉल लावून झाल्यावर तो म्हणाला, "आता फक्त हिरव्यांनाच मारायचं." जॅकचा तह आमच्या हॉलमध्ये असा दहा मिनिटांत झाला.

वेल्सच्या पुस्तकाच्या शेवटी युद्धाविरुद्ध सरळ लिहिलेलं आहे: हा खेळ तीन-चारदा खेळलात की खरं महायुद्ध किती धांदरट प्रकार असणार ते कळेल. मूळ लेखात मी ते मोठ्या टेचात सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी, १९१४च्या ऑगस्टमध्ये, जर्मनीशी युद्ध सुरू झालं आणि हाच वेल्स 'युद्ध संपवणारं युद्ध' म्हणत त्याच्या बाजूने हिरिरीने लिहू लागला. हे मला माहीत होतं आणि लेखाला सोयीचं नव्हतं म्हणून मी गाळलं. तेव्हा 'हा खेळ खेळणारा माणूस युद्धखोर होऊच शकत नाही' हे माझं वाक्य आज काढून टाकलं आहे. जॅकच्या तोफांचा परिच्छेद त्याच जागी घातलाय.