पत्र्यावरचं ऑफिस टाइम

आमच्या वडिलांचा मे महिना कौलांवर जायचा. बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर मंगळुरी कौलांचं. मृग लागायच्या आत कौलं चाळायची, फुटकी बदलायची आणि फटींतून उगवलेलं गवत उपटून खाली टाकायचं. ते गोळा करायला खाली मी. "छपरावर गवत दिसलं की समजायचं, घरात करता माणूस नाही," असं ते वरून सांगायचे आणि सांगता सांगता आणखी एक कौल पायाखाली फोडायचे.

हे मला यंदा मार्चमध्येच आठवायला हवं होतं.

निमित्त झालं नॉर्वेतल्या भाच्याचं. "मामा, आमच्या शेडवर कशी बाग फुललीय बघा," म्हणून त्यानं गेल्या जूनमधला फोटो पाठवला. काळ्या लाकडाची बुटकी शेड आणि तिच्या डोक्यावर गवत, गवतात पिवळी-जांभळी रानफुलं. तिकडे ही शेकडो वर्षांची रीत आहे म्हणे. लाकडावर बर्च झाडाच्या सालीचे थर घालायचे, ते पाणी अडवतात. आणि साल उडू नये म्हणून वर गवतासकट मातीची ढेकळं दाबून बसवायची. म्हणजे बाग ही तिथं मुळात वजन म्हणून वर चढलेली. खाली त्यानं लिहिलं होतं, "उन्हाळा नुकताच सुरू झालाय." जूनमध्ये! जूनमध्ये आम्ही माळ्यावरची छत्री शोधत असतो आणि उन्हाळा नावाचं काही होतं हेही विसरलेलं असतं.

माझी शेड अनगोळात, घराच्या बाजूला. आठ बाय दहा फूट, पत्र्याची. खाली एक स्कूटर, एक गळकं पिंप आणि "लागतील कधीतरी" म्हणून जपलेल्या फळ्या. अडीच हजार फूट उंचीवरचं थंड हवेचं गाव म्हणून आम्ही बेळगावकर पाहुण्यांपुढं मिरवतो, पण पत्र्याला उंची कळत नाही. एप्रिलात दुपारी स्कूटरच्या सीटवर बसलं की माणूस आपोआप उभा राहतो. वर बाग केली तर शेड थंड राहील, हे माझं शास्त्र. ते बरोबरच होतं. चूक पुढं होती.

उद्यमबागेतला एक फॅब्रिकेशनवाला बोलावला. त्यानं आधी वर बघितलं, मग माझ्याकडं. "एन माडाकत्तीरी सर?" काय करताय, असं त्यानं कन्नडात विचारलं. मी फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला, खिशातून खडू काढला आणि भिंतीवरच गणित मांडलं. "चार इंच माती घातलासा तर भिजल्यावर तेरा क्विंटल होतंय. तांदळाची सव्वीस पोती. तुम्ही सव्वीस पोती पत्र्यावर ठेवूया म्हणताय काय?"

"पण त्यांच्याकडं..."

"त्यांचं लाकूड बघा की. तुमचा पत्रा बघा."

"आणि खाली स्कूटर असते ओ," स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली. "स्कूटरच्या वर ते स्वतः असतात."

शेवटी तडजोड निघाली. दोन अँगल जास्तीचे वेल्डिंग करून घेतले, पत्र्यावर दुहेरी ताडपत्री, पाणी निथळायला उताराच्या बाजूला भोकं, आणि मातीऐवजी हलका माल: कोकोपीट, गांडूळखत आणि भाताचा तूस. तोही दोनच इंच. तूस येळ्ळूरच्या मामांनी गिरणीतून आणून दिला. फुकट. फुकट मिळालेल्या वस्तूत काय काय असतं, ते निवडून बघायची आपल्यात पद्धत नाही.

आता झाडं कुठली, हा प्रश्न. मार्च ते मे या दिवसांत बेळगावात झाडांवर बोलायला कुणालाही सवड असते. टिळकवाडीच्या कंपाउंडांवरून बोगनवेल रस्त्यावर आलेली असते, संध्याकाळी मोगरा कुणाच्या अंगणातला हे नाकानं ओळखता येतं. पहिला वळीव पडला की काल जिथं नुसती माती होती तिथून मे फ्लॉवरचा लालभडक चेंडू थेट वर येतो. पान मागाहून, सवडीनं. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची, गुलमोहर मादागास्करचा, मे फ्लॉवर आफ्रिकेचा. सीमाभागात राहूनही त्यांना आजवर कुणी 'तुम्ही नक्की कुठले?' असं विचारलेलं नाही, हे त्यांचं नशीब.

पत्र्यावर मात्र यांतलं काही चालणार नव्हतं. मग शेजारच्या आक्कांनी त्यांच्या गच्चीवरच्या कुंड्यांतले ऑफिस टाइम या फुलझाडाचे तुकडे मूठभर मोडून दिले. मातीत खोचले की लागतात. पानं मांसल, पाणी धरून ठेवणारी; मुळं उथळ; ऊन जितकं कडक तितका आनंद. याला चिनी गुलाबही म्हणतात. तो चीनचा नाही आणि गुलाबही नाही. पण आमच्या गावाचंच नाव 2014 साली सरकारदरबारी बदललं. आम्ही दोन्ही नावांना 'ओ' देतो, तिथं फुलाशी काय भांडायचं?

महिन्याभरात पत्रा फुलला. राणी कलर, पिवळा, केशरी, पांढरा. असं लोक सांगतात.

कारण ऑफिस टाइम हे फूल नावाला जागतं. ऊन तापलं की दहाच्या सुमाराला उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. मी पतसंस्थेत कामाला. साडेनऊला घर सोडतो, सहाला परत येतो. आमच्या दोघांचं ऑफिस एकच, फक्त माझी हजेरी दुसरीकडं लागते. शिवाय शेड नऊ फूट उंच. खालून मान कितीही मोडली तरी दिसते ती ताडपत्रीची निळी कड. संध्याकाळी शिडीवर चढून पाणी घालायचो, तेव्हा वर नुसत्या मिटलेल्या सुरळ्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात पडलेल्या पताकांसारख्या.

आणि कौतुक तर उतू चाललेलं! आक्का रोज गच्चीतून बघायच्या. "अण्णा, आज काय फुललंय ओ, डोळ्याचं पारणं फिटलं." समोरच्या दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर आता पेपर घेऊन आमच्या बाजूच्या गॅलरीत बसायला लागले. केबल दुरुस्त करायला खांबावर चढलेला मुलगासुद्धा उतरल्यावर "भारी केलायसा काका" म्हणून गेला. भाच्याला फोटो हवा होता; तोही आक्कांनीच काढून पाठवला. घर माझं, पत्रा माझा, अँगलचं बिल माझं, आणि गल्लीत ती बाग न बघितलेला मी एकटा.

रविवार असतो की, असं तुम्ही म्हणाल. पहिल्या रविवारी खानापूरला लग्न. दुसऱ्या रविवारी मी नऊपासून शिडीवर ठाण मांडून बसलो आणि आभाळ भरून आलं. ढग असले की हे फूल उमलतच नाही. मी अकरापर्यंत वर बसून होतो. खालून जाणारे एक गृहस्थ थांबले. "काय करूलालाय वर?" म्हणाले. "वाट बघतोय," म्हटल्यावर त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं आणि गेले. तिसऱ्या रविवारी शिडी आक्कांच्या माहेरी आंबे उतरवायला गेली होती.

दरम्यान ऊन फार वाढलं म्हणून ओल टिकावी, या शहाण्या विचारानं मी उरलेला तूस वरून पसरला. पोतंभर. मग मेच्या मध्यात वळीव आला. आधी वारा, मग गारा. पत्र्यावर गारा पडल्या की घरात बोलता येत नाही, पण आमच्यावर थर असल्यामुळं आवाज निम्मा आला. एवढ्याचंच मी बायकोला तीनदा कौतुक सांगितलं. लागोपाठ आणखी दोन वळीव झाले. आठ दिवसांनी आक्कांची हाक आली, "अण्णा, फुलांत ते हिरवं काय लावलायसा?"

गवत असेल, म्हटलं. वर जाऊन बघितलं तर चांगलं चार बोटं उंच, ओळीनं नाही पण दाट. तुसात दाणे होते. फुकटचा माल!

येळ्ळूरचे मामा आले ते शेडसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग चप्पल काढून शिडीवर गेले. भात दिसलं की ते चप्पल काढतात, ते बांधावर असो की पत्र्यावर. एक रोप हळूच उपटून मूळ बघितलं. "पेरणी लवकर केलास की रे. आमचं अजून व्हायचंय." मी गप्प. "बासमती दिसत नाही हे." मी अजून गप्प. "कोळपणीला मात्र कोळपं वर चढवायचं अवघड आहे बघ." ते हसत नव्हते. शेतकऱ्याला भाताची चेष्टा करता येत नाही. अडचण खरोखरच कोळप्याची होती. बायको मात्र आत जाऊन हसून आली आणि परत हसायला आत गेली.

ओल वाढली तशी फुलझाडं देठापासून सडायला लागली आणि भातानं बाळसं धरलं. मृगाला चार दिवस राहिले, तेव्हा सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'शेतीकाम' लिहून खोडलं आणि 'घरगुती' लिहिलं. ऊन लख्ख पडलं होतं. शिडी लावली, वर चढलो आणि मुठीमुठीनं भात उपटून खाली टाकायला लागलो. खाली धाकटा ते गोळा करत होता. 'करता माणूस' असं काहीतरी त्याला सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण वर पेरलंय कुणी, हे त्याला माहीत होतं.

उजव्या कोपऱ्यातला भात निघाला तशी खाली चार-पाच कळ्या दिसल्या. हात थांबला. दहाला पाच कमी. एक राणी रंगाची कळी टोकाशी सैल झाली, पाकळीची एक घडी सुटली, दुसरी सुटायला लागली. मी शिडीची वरची दांडी घट्ट धरून पुढं वाकलो.

"अण्णा," गच्चीतून आक्का मोबाईल धरून ओरडल्या, "जरा खाली वाका की! फोटोत डोकं येऊलालंय."