किल्ला बांधून निर्धास्त? ट्रेब येईपर्यंतच!

'एज ऑफ एम्पायर्स २ या व्हिडिओ गेममध्ये कॅसल (किल्ला) उभा राहिला की बेस सुरक्षित' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. कॅसलच्या बाणांचा पल्ला ८ चौकोन, सगळी अपग्रेड घेतली तरी ११. ट्रेबुशेचा, म्हणजे लांबून दगड फेकणाऱ्या ट्रेबचा, १६! म्हणजे समोरचा लांब बसून निवांत कॅसलला लागलेल्या ६५० दगडांचा चुराडा करणार. अशा वेळी आत लपून उपयोग नाही, दार उघडून चार-सहा नाइट (घोडेस्वार) थेट ट्रेबवर घालायचे. ट्रेबला जवळचा मारा करता येत नाही. १७०० मध्ये अजिंक्यताऱ्याला सुरुंग लागले तेव्हाही गडकरी नुसते तटाआड बसून नव्हते, हे आम्हा सातारकरांना सांगायला नको.

रॅमचं, म्हणजे इमारतींना धडका देणाऱ्या यंत्राचं, तर लेखात नावच नाही. बाणांनी त्याला जवळपास काहीच होत नाही. पायदळ किंवा घोडदळ बाहेर काढावंच लागतं. शिवाय युनिव्हर्सिटी या इमारतीतलं मर्डर होल्स हे अपग्रेड (२०० अन्न, १०० दगड) घेतलं नसेल, तर भिंतीला चिकटलेल्या सैनिकावर कॅसल बाण सोडतच नाही. आणि आत घोडेस्वार भरून बाण वाढत नाहीत, त्याला धनुर्धारी किंवा गावकरी हवेत.